मानाचं गोड

ज्याच्या घरात एखादं माणूस उगाच भडकून राह्यलं असन, उगाच रडून राह्यलं असन, आन् घरचे आपसात म्हणत असतीन की हिचं डोक्स फिरलं, त्याच्यासाठी मी हे सांगून राह्यली. माझं फिरलंच होतं. खोटं काऊन बोलू?

मी कासारीण. तेलंगणात, आदिलाबादकडच्या इचोड्यात मोठ्या रस्त्याले लागून आमचं बांगड्याचं दुकान हाय. दुकान नवरा आन् पोरगा प्रवीण सांभाळतात. मी गावोगाव फिरते. लग्नाचा चुडा असो, ओटभरणाच्या हिरव्या बांगड्या असो, इकडं उटनूरच्या अंगाले तिकडं पार किनवटच्या खेड्यापर्यंत लोक माझीच वाट पाहतात. पोरीचा हात हातात घेतला की माप सांगायची मी. पट्टी-बिट्टी काई नाई लागत. तीस वर्षाचा हात हाय हा.

ताट

त्या दिवशी संध्याकाळी सून रेणुकानं ताट वाढलं. वरणात मीठ कमी होतं. बस, एवढंच. माणूस मीठ मागून घेते ना? मी ताट उचललं आन् भितीवर फेकलं. गरम वरणाचे शिंतोडे रेणुकाच्या पायावर उडाले. तिले दिवस गेलेले, पहिलटकरीण. प्रवीण धावत आला, माझ्याकडं असा पाहे जशी मी त्याची मायच नाई.

रेणुका रडली नाई. रडली असती तं बरं झालं असतं. तिनं भित पुसली, पायावर पाणी घेतलं, आन् माझ्यासमोर येऊन उभी राह्यली.

"आई, मी बाळंतपणाले माहेरी जाईन. पण लेकरू घेऊन परत येईन का नाई, ते आता सांगत नाई."

"काऊन? काय मारलं का मी तुले?"

"मारलं नाई. पण तुमच्या हातात लेकरू द्याले मले भेव वाटते."

मी म्हटलं, "जा ना मंग! कोणी धरून ठेवलं?" जिभेले हाड थोडी असते. आन् आत जाऊन तोंडात पदर कोंबून इतकी रडली, इतकी रडली की उचकी लागली. कायच्यासाठी ताट फेकलं ते मलेच सांगता येत नव्हतं.

आतून काय होत होतं

हे एका दिवसाचं नव्हतं. दोन लग्नसराया झाल्या असतीन, तवापासून असं चालू होतं. सकाळी एकदम भारी वाटे. बोलावं, हसावं, बायकांच्या मस्कऱ्या कराव्या. दुपारच्या आत सगळं उतरून जाये. अंग जड, डोळ्यापुढं धूर. कोणी हाक मारली तरी राग येये. मंग पुन्हा काई खाल्लं, चहा पेला, की थोडा वेळ बरं. मंग पुन्हा खड्डा.

विसरणं तं असं की लाज वाटे. एका घरी नवरीचं माप पाहून दुकानात आली आन् प्रवीणले काय सांगावं तेच आठवेना. माप विसरलेली कासारीण! मी तोंडाले येईल तो आकडा ठोकून दिला. बांगड्या ढिल्या झाल्या, वापस आल्या. दोष मी प्रवीणवर ढकलला.

माझ्या माहेरी एक काकू होती, उतारवयात तिले काई समजे नाई, लोक तिले पाहून हसत. मले रोज वाटे, आता माझी पाळी आली. पण बोलू कोणाजवळ? आमच्या बायकांत गुडघे दुखते म्हणता येते, मन दुखते म्हटलं की दुसऱ्या दिवशी गावभर.

बांगडी

एका खेड्यात लग्नाचा चुडा होता. मांडवाखाली बायका गोल बसल्या, मधात नवरी. आमच्याकडं रिवाज हाय, पहिली हिरवी बांगडी चढवायच्या आधी कासारणीचं तोंड गोड करायचं. नवरीची माय आपल्या हातानं भरवते. कासारणीच्या तोंडात गोड गेलं तं पोरीच्या संसारात गोड जाते. नाई म्हणलं तं अपशकून. त्या घरी तुपात निथळणारी बालुशाही होती. सकाळपासून ते माझं तिसरं घर.

नवरीचा हात साबणाच्या पाण्यात भिजवला, अंगठ्याखालचा भाग दाबून तळवा मुडपला. हे मी डोळे मिटून करते. पण बोटं ऐकेनात. नजर अंधुक झाली, जीभ कोरडी पडली, एका बांगडीच्या दोन-दोन दिसाले लागल्या. मी जोर लावला. कडकन वाढली. आमी बांगडी फुटली म्हणत नाई, वाढली म्हणतो. काच पोरीच्या मनगटात घुसली, रक्त आलं. नवरीच्या मायनं पोरीचा हात माझ्या हातातून ओढून घेतला.

"आज काय झालं वो तुमाले?" कोणीतरी म्हणलं.

मी उत्तर द्याले उठली आन् तिथंच कोसळली. पुढचं मले आठवत नाई. कोण्या पाव्हण्याच्या गाडीत घालून आदिलाबादले नेलं म्हणतात.

दवाखान्यातला पहिला दिवस

डोळे उघडले तं हाताले सुई, वर बाटली, आन् पायाशी नवरा. त्याचं तोंड उतरलेलं. मी पहिलं हेच विचारलं, "पोरीचा हात कसा हाय?" तो म्हणे, "ते सोड. तुझी शुगर लय वाढली."

शुगर! तुमाले खरं सांगू? मले बरं वाटलं. येड लागण्यापेक्षा शुगर बरी. शुगर सांगता येते चार माणसात.

डॉक्टरीणबाई तेलुगू, पोरसवदा, चष्मा घातलेली. हिंदीतून बोलायची. "अम्मा, रोज क्या खाते?"

मी म्हटलं, "कुछ नई खाती बाई. सुबे एक भाकर, रात को आदी भाकर, वरण."

"मीठा?"

"घर में मीठा बनताच नई."

नवऱ्यानंही मान डोलवली. "बहुत कम खाती मॅडम. डब्बा वैसाच वापस लाती."

डॉक्टरीणबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं. मी शपथ घेतली. आन् मी खोटं बोलत नव्हती, हे ध्यानात घ्या. लेकराची शपथ घातली असती तरी मी हेच सांगितलं असतं. बाईनं कपाळाले आठ्या घातल्या. एवढ्याशा खाण्यात एवढी शुगर कशी, म्हणून आणखी तपासण्या लिहून देल्या. कुठं दुसरं काई मोठं तं नसन ना, असं ती सिस्टरले म्हणताना मी ऐकलं. मंग माझा जीव मुठीत. मोठं म्हणजे काय ते आपल्याले माहीत असते, आपण फक्त नाव घेत नाई.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस बोटातून रक्त काढून सुरू होते. मंग उपमा, बिनसाखरेचा चहा, दुपारी भात-सांबार, पुन्हा बोट. माझ्या बोटाचं कातडं बांगड्यानं निबर झालेलं, सिस्टरची सुई जायची नाई. ती तेलुगूत पुटपुटे, मी मराठीत.

पहिले दिवस नरक. कपाळ ठणके, हात थरथरे. समोरच्या बाईच्या नातेवाईकानं बिस्किटचा पुडा उघडला तं त्या कागदाच्या आवाजानं माझ्या तोंडाले पाणी सुटलं. मी चहात साखर मागितली, सिस्टर नाई म्हणली, तं मी पेला सरकवून देला आन् तिच्या मायबापाचा उद्धार केला. साऱ्या वॉर्डानं ऐकला. नवरा खाली मान घालून बसला होता. त्याले लाज वाटून राह्यली होती आन् मले त्याच्या लाजेचाही राग येऊन राह्यला होता.

मंग एका सकाळी उठली आन् काईतरी वेगळं वाटलं. काय ते समजेना. खिडकीबाहेर कोणी झाडून राह्यलं होतं, तो खराट्याचा आवाज आईकून मले चीड आली नाई. बस, एवढंच वेगळं होतं. मी पडल्या पडल्या शेजारणीले विचारलं, कुठली वो तुमी? ती उटनूरची. सासर, माहेर, पोरं, सगळं विचारलं, आन् दुपारी ते सगळं मले आठवत होतं! मी नवऱ्याले धरून धरून सांगितलं. त्याले वाटलं ताप चढला.

डॉक्टरीणबाईलेही नवल. शुगर उतरून राह्यली, तपासण्यात मोठं काई निघालं नाई. "अम्मा, यहाँ आके क्या बदला?"

मले तरी काय माहीत?

रेणुकानं विचारलं

रेणुका भेटाले आली ती त्याच दिवशी. ताट फेकल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोले. डॉक्टरीणबाईचं बोलणं तिनं ऐकलं. मंग माझ्याकडं वळून म्हणे, "आई, चुड्याच्या दिवशी पहिल्या घरी काय देलं होतं?"

"बुंदी."

"दुसऱ्या घरी?"

"शिरा. आन् भजे."

"तिसऱ्या घरी?"

"बालुशाही. दोन. पोरीची आजी म्हणे जोडीनं घ्या."

"मंग हे खाणं नाई का?"

मी म्हटलं, "अवं, ते मानाचं असते!"

आन् बोलता बोलताच माझं मले ऐकू आलं.

तुमी हसान. पण आमच्या घराण्यात कोणालाच कधी वाटलं नाई की ते खाणं हाय. माझी सासू, तिची सासू, सगळ्या अशाच. भाकर खाल्ली तं खाल्लं. लोकाच्या मांडवात तोंडात घातलं ते मान घेतला. मान काय पोटात जाते? मोसमात रोज तीन-चार घरं, तूप, साखर, तळण, त्याच्यावर गोड चहा, आन् पोट भरलेलं म्हणून डब्यातली भाकर तशीच घरी. म्हणून तं नवरा म्हणे, लय कमी खाते.

रेणुकानं हे सगळं डॉक्टरीणबाईले हिंदीत समजावलं. बाईनं पेन खाली ठेवला, माझ्या खाटेवर बसली. म्हणे, अम्मा, पोटाले मान समजत नाई, साखरच समजते. एवढं गोड आन् तुपकट रोज गेलं की शुगर चढते-उतरते, त्याच्यासंगं मनही चढते-उतरते, झोप बिघडते, ध्यान राहत नाई. पण सगळं खाण्यावर ढकलू नका, म्हणे. मनाचंही आपलं दुखणं असते. एकदा मनाच्या डॉक्टरले दाखवा.

"मैं पागल नई!" मी ओरडली.

"पागल के वास्ते नई अम्मा. थके हुए के वास्ते."

गेली. आधी प्रवीणशी भांडली, मंग मनाच्या डॉक्टरकडं गेली. त्या डॉक्टरनं एक लहान गोळी देली आन् एक गोष्ट सांगितली: राग यायच्या आधी तो येऊन राह्यला हे घरच्यायले सांगत जा. मी मनात म्हटलं, राग काय आधी निरोप धाडून येते का?

घरी

साखर सोडणं सोपं हाय असं कोणी सांगत असन तं त्याले माझ्याकडं धाडा. आपल्या घरी कसंतरी निभते, पण माझं दुखणं लोकाच्या घरी होतं. पहिल्या घरी मी हात जोडले, "मले शुगर हाय, माफ करा." त्या बाईनं दुसरी कासारीण बोलावली. मले मांडवातून उठावं लागलं. दुसऱ्या घरी एका बाईनं जबरीनं तोंडात कोंबलं, "एवढ्यानं काय होते?" त्या दिवशी घरी येऊन मी पुन्हा किंचाळली. रेणुका माजघरातून उठून आत गेली आन् दाराले कडी लावली. ती कडी मले लागली.

नवराही वैतागला. "आपला धंदा हाय. एवढंसं जिभेले लावलं तं मरतेस का?"

"मी मरत नाई, तुमी मरता माझ्यापायी," मी म्हटलं. त्यानंतर तो दोन दिवस धड जेवला नाई. त्याचंही वय झालं होतं आन् त्यालेही भेव होतं, हे मले तवा दिसलं.

ओटभरण

सातव्या महिन्यात रेणुकाची ओटी भरायची होती. ओटी झाली की दुसऱ्या दिवशी ती माहेरी जाणार. परत येईन का, हे ना तिनं सांगितलं ना मी विचारलं. घरात सगळे त्या एका गोष्टीच्या आजूबाजूनं चालत होते.

विहीणबाई किनवटकडून आल्या, उशिरा, बस चुकली म्हणून. गोड खात नाई हे त्यायले आधी एकटं गाठून सांगीन असं मी ठरवलं होतं, ते राहून गेलं. त्या आल्या त्या थेट पाटाजवळ. रेणुका हिरव्या साडीत बसलेली, मी समोर, मधात हिरव्या बांगड्याचा जुडगा. विहीणबाईनं डब्बा उघडला. घरच्या म्हशीच्या खव्याचे पेढे. एक उचलून माझ्या तोंडाजवळ आणला.

"घ्या विहीणबाई. तोंड गोड करा आन् भरा माझ्या लेकीचा हात."

मी म्हटलं, "मी नाई खात."

"आजच्या दिवशी?"

"आजच्या दिवशीही नाई."

विहीणबाईचा हात तसाच हवेत. "माझ्या पोरीच्या पोटातल्याचं भलं व्हावं असं नाई वाटत का तुमाले?"

बाप्पा! तो राग आला ना! पायापासून उठला आन् कानापर्यंत गेला. एक मन म्हणे, घे तो पेढा, गिळून टाक, एका पेढ्यानं काय होते. दुसरं म्हणे, डब्बा उचल आन् फेक. रेणुका माझ्याकडं पाहून राह्यली होती. तिचा हात पोटावर होता.

मी हात मांडीखाली दाबून धरले. म्हटलं, "आईका सगळ्याजणी. मले शुगर हाय, आन् मनाचीही गोळी चालू हाय. हे गोड खाल्लं की मी माणसात राहत नाई. ताट फेकते. सुनेवर ओरडते. तुमच्या पोरीले माझं भेव वाटते विहीणबाई, तिनं तुमाले सांगितलं नसन. मी मानाचं खाऊ का तिच्या लेकराले आजी होऊ?"

बोलली आन् मले घाम फुटला. मनाची गोळी! गावातल्या बायकायसमोर!

विहीणबाईनं पेढा डब्ब्यात ठेवला, झाकण लावलं. तोंड दुसरीकडं फिरवलं. मागून एक म्हातारी बोलली, "आता पाहा, धड भरल्या जाते का."

रेणुकाचे हात सुजलेले. सातव्या महिन्यात सुजतातच. मी साबण लावला, दाबत दाबत एक चढवली. दुसरी चढवली. पाचवी का सहावी अंगठ्याच्या हाडावर अडकली, आन् वाढली.

म्हातारीनं "अगं माय" केलं. विहीणबाई रडाले लागल्या. मले वाटलं संपलं, आता ही पोरगी उठन आन् या घरात पुन्हा पाय ठेवणार नाई.

रेणुकानं काच झटकली. लागलं नव्हतं. तिनं हात पुन्हा माझ्यासमोर केला. "वाढली तं वाढली. दुसरी घ्या."

मी दुसरी घेतली. बाकीच्या भरल्या. कोणी गाणं म्हणलं नाई.

वाट

ती गेली. बाळंतपण कठीण गेलं, नांदेडले न्यावं लागलं. दिवसभर प्रवीणचा फोन लागेना. मी दुकानात बसली, मले त्या वाढलेल्या बांगडीशिवाय काई दिसेना. पेढा खाल्ला असता तं? हा एकच विचार. मनाचा डॉक्टर काई म्हणो, रिवाज रक्तात असते. फोन आला तवा नवऱ्यानं घेतला, आईकलं, आन् खाली बसला. मी किंचाळली, "बोला ना!" तो म्हणे, "पोरगी. दोघी बऱ्या हायत."

सव्वा महिना झाला. ती आली नाई. विहीणबाई म्हणे, अजून अशक्त हाय. आणखी महिने गेले. मी एकदाही "कवा येतेस" विचारलं नाई. विचारायचा हक्क मी त्या ताटासंगंच फेकला होता. भाकर, भाजी, गोळी, सकाळी रस्त्याच्या कडेनं चालणं, हेच करत राह्यली. मांडवात आता मी तोंडात काई घेत नाई, मानाचा म्हणून बत्ताशाचा तुकडा पदराले बांधून घेते. काई घरं मानतात, काई नाई. अर्धी घरं सुटली, सुटू देली.

मंग एक दिवस प्रवीण तिले घेऊन आला. बॅगा दोन होत्या. मोठी आन् लेकराची. मी उंबऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पण पोरगी हातात मागितली नाई. रेणुकानंही देली नाई. असे दिवस गेले. ती माझ्यासमोर लेकराले पाजे, निजवे, पण उठली की संगं उचलून ने.

परवाची गोष्ट. सकाळपासून माझं मन काळं होऊन राह्यलं होतं. खाल्लं काई नव्हतं तसं, कारणही नव्हतं. दुखणं पूर्ण गेलं असं मी कोणाले सांगणार नाई. पाखडलेल्या ज्वारीत खडा दिसला तरी डोळ्यात पाणी येत होतं आन् दात आवळले जात होते. रेणुका आली, खांद्यावर पंचा, कडेवर पोरगी. न्हायाले चालली होती. प्रवीण दुकानात, घरात दुसरं कोणी नाई. ती उभी राह्यली, पोरगी पुढं केली. पहिल्यांदा.

मी हात मागं घेतले.

"आज नोको देऊ मले. आज माझं डोक्स बरं नाई. राग येऊन राह्यला."

ती थांबली. मले वाटलं, गेली. हातातला घास मीच सोडला.

रेणुका खाली बसली. पोरगी माझ्या मांडीवर ठेवली, माझा एक हात उचलून तिच्या पाठीखाली सरकवला.

"तुमी सांगतलं ना," ती म्हणे. "मंग भेव कायचं?"

न्हाणीचं दार लागलं. आतून कडीचा आवाज आला, आन् मंग पाण्याचा. पोरगी माझ्याकडं टकमक पाहून राह्यली होती. मी हललीच नाई.